त्रिमूर्ती नगरचं घर विकायचंय, पण आधी दलाल आवरायचाय

अंगणातला_कडुनिंब
मंगळवार, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

नागपूरला त्रिमूर्ती नगरात आईबाबांचं घर आहे. १,५०० चौरस फुटांचा प्लॉट, १९९४ चं बांधकाम. खाली हॉल, दोन खोल्या, किचन. वर एक खोली आणि गच्ची. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आई माझ्याकडे पुण्यात, भाऊ अमेरिकेत. घर बंद राहून मागच्या भिंतीला ओल धरली, तेव्हा तिघांनी मिळून विकायचं ठरवलं.

शेजारच्या काकांच्या ओळखीतले एक दलाल भेटले. बोलायला गोड. "ताई, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, चाबी तेवढी देऊन ठेवा." दिली.

आठवड्याच्या आत न विचारता गेटवर त्यांचा बोर्ड लागला. ऑनलाइन जाहिरात टाकली, त्यात 'थेट मालकाकडून' असं लिहून नंबर मात्र स्वतःचा. फोटो काढताना देवघरही सोडलं नाही. भिंतीवरचा बाबांचा हार घातलेला फोटोसुद्धा त्यात आहे. आईने ती जाहिरात पाहिली, काही बोलली नाही, मोबाइल पालथा ठेवला आणि भाजी निवडायला बसली.

आता किमतीचं. आम्ही ९५ लाख सांगितले होते. सुरुवातीला यांचं म्हणणं, "९५ काहून? एक कोटी कुठे गेले नाहीत." तीन आठवड्यांनी सूर बदलला. मार्केट थंडं आहे. घर दक्षिणमुखी आहे. ओल आहे. आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्लॉटच्या मालकीच्या सरकारी कागदावर, अजून बाबांचंच नाव आहे. असं करत करत ८२ वर आले. मागच्या आठवड्यात मी साफसफाईला नागपूरला गेले होते, तर एक जोडपं परस्पर गेटवर आलं. नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारायचं होतं. जाता जाता त्या बाई म्हणाल्या, "९६ जास्त होतात हो, ९२ मध्ये बसवा ना." मी त्यांना पाणी दिलं आणि गप्प बसले.

आता दलालभाऊ म्हणतात की ८२ ची पक्की पार्टी आहे. १ लाख टोकन, ११ महिन्यांचं इसारपत्र, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन केलेला विक्रीचा करार. आणि "तुमचे भाऊ तिकडे, तुम्ही पुण्यात, कशाला चकरा मारता? माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून द्या, मी सगळं निपटवतो." विचार करून सांगते म्हटलं तर आवाज चढला. पार्टीला शब्द दिलाय, आता दुसऱ्याला विकून दाखवाच, स्टे आणीन. चाबी मागितली, तर ती ऑफिसात आहे आणि ऑफिस बंद आहे.

हा माणूस खरंच विक्री अडवू शकतो का? याची दलाली द्यावी लागेल का? पुण्यात बसून दलालाशिवाय नागपुरातलं घर विकलं जातं का?

तर्री_पोहे
सकाळी ७:५२

कुलूप बदला. आजच. बाकीचे प्रतिसाद नंतर वाचा.

गोधनी_रिटर्न्स
सकाळी ८:१०

आमच्याकडे पोळ्याच्या पाडव्याला एक बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला पुतळा, दलालाचाही काढायला पाहिजे. इडा, पिडा, दलाल घेऊन जा गे मारबत!

ताई, तुमचा मौजा, म्हणजे महसुली गाव कोणतं? त्या बाजूला भामटी नावाचा मौजा आहे, म्हणून विचारलं. 😄

अंगणातला_कडुनिंब
सकाळी ८:१५

भामटीच आहे. बाबा हा विनोद दर पाहुण्याला ऐकवायचे.

निवृत्त_दस्तलेखनिक
सकाळी १०:३०

मी वकील नाही. मात्र दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं, तेव्हा पाहिलेलं सांगतो.

ताई, ८२ आणि ९२ यांच्यामधले १० लाख कसे निघतात ते आधी समजून घ्या. इसारपत्र करणारी 'पार्टी' बहुतेक वेळा दलालाचाच साळा किंवा भागीदार असतो. लाखभर देऊन तो ११ महिन्यांसाठी तुमचं घर बांधून ठेवतो. मसुद्यात एक ओळ हळूच घुसवलेली असते: 'खरेदीदार किंवा ते सांगतील त्या व्यक्तीच्या नावे विक्रीपत्र करून देणे.' सगळी मेख त्या ओळीत आहे. मग तो निवांत ९२ ची खरी पार्टी शोधतो. विक्रीपत्र तुमच्याकडून थेट त्या पार्टीला होतं, तुम्हाला ८२ मिळतात आणि वरचे १० बाहेरच्या बाहेर जातात. वर तुमच्याकडून दलालीही घेतोच. अशा कागदांवर हसत हसत सही करणारे मालक मी पाहिलेत, कारण त्यांना वाटायचं घर विकलं गेलं बुवा एकदाचं.

कायदा यात तुमच्या बाजूने आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम २१५ आणि २१६ काढून वाचा. एजंटने मालकाला अंधारात ठेवून स्वतःसाठीच व्यवहार केला, तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो. महत्त्वाची गोष्ट लपवली असेल किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा असेल, तर तो नाकारूही शकतो. अर्थात कोर्टात जाऊन हे सिद्ध करायला वर्षं जातात. त्यापेक्षा सही न करणं स्वस्त.

मुखत्यारपत्राचं तर नावच काढू नका. विक्रीचे अधिकार दिले की सही करायला तुम्ही लागतच नाही, पैसे घ्यायलाही नाही. दुसरी गंमत ऐका. आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलं अशा जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय दिलेल्या विक्रीच्या मुखत्यारपत्राला आपल्या राज्यात किरकोळ मुद्रांक लागतो. बाहेरच्या माणसाला दिलं तर विक्रीपत्राइतकं मुद्रांक शुल्क पडतं. हे तो सांगणार नाही. भावाला तुमच्या किंवा आईच्या नावाने द्यायला सांगा. तिकडे केलेला कागद भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावा लागतो, ते विसरू नका.

स्टेचं म्हणाल तर तुमच्याकडे इसार नाही, टोकन नाही, सही नाही. मग तो कशावर आणणार? फार तर माझी दलाली बुडवली म्हणून पैशाचा दावा लावेल. दलालीच्या बाकीपायी घराची मालकी त्याच्याकडे जात नाही. टोकन मात्र घेऊ नका, यूपीआयवरून परस्पर टाकलं तरी त्याच दिवशी परत करा आणि 'करार झालेला नाही' असा मेसेज पाठवून ठेवा.

आणि एक विचारतो, रागावू नका. पत्रिकेवर बाबांचं नाव दोन वर्षं तसंच का ठेवलं? दलालाने पकडलेली ती एक दुखरी नस खरी आहे. मृत्युपत्र नसेल आणि घर बाबांच्या कमाईचं असेल, तर आई, तुम्ही आणि भाऊ तिघांचा सारखा हिस्सा. नगर भूमापनकडे वारस नोंद करून आखीव पत्रिकेवर तिन्ही नावं आणा. प्लॉट नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा आहे की आरएल, म्हणजे त्यांचं मंजुरीचं पत्र मिळालेला खासगी लेआउटमधला, ते पाहा. लीजचा असेल तर मुदत आणि ना हरकतीचं काय ते नासुप्रच्या ऑफिसातच विचारा, दलालाकडून ऐकू नका.

पारडीचा_पाहुणा
सकाळी ११:०५

एवढं कशाला? महारेराकडे, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे तक्रार ठोका. लायसन्स रद्द होते त्याचे.

निवृत्त_दस्तलेखनिक
सकाळी ११:२०

होत नाही हो. रेरा कायदा २०१६ चा. त्यात एजंटची नोंदणी सक्तीची आहे ती रेरामध्ये नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकण्यासाठी. १९९४ चं बांधलेलं घर त्यात कुठून येणार? जुन्या घरांच्या धंद्यात कुणीही उठून दलाल होतो, कागद लागत नाही. तरी त्याला महारेराचा नंबर आहे का ते विचाराच. असेल तर माणूस एक परीक्षा तरी पास झालेला असतो आणि त्याला गमवायला काही असतं.

आपण_बी_दलालच
दुपारी १२:४५

येऊ का मधात? मी २२ वर्षांपासून याच धंद्यात आहे, मानेवाडा-हुडकेश्वर पट्ट्यात. शिव्या खायची सवय आहे, चालू द्या.

ताई, तुमचा माणूस चुकला, दुमत नाही. चाबी अडवून ठेवणं तं आमच्यातही नीच काम समजल्या जाते. पण आमची बाजूही ऐका. मे महिन्यात ४५ डिग्रीत मी एका घराच्या तीस-तीस चकरा मारतो. पेट्रोल माझं. पार्टीला थंडं मी पाजतो. अन् शेवटी होते काय? पार्टी अन् मालक कोपऱ्यावरच्या टपरीवर परस्पर भेटून सौदा करून घेते, मला म्हणते 'भाऊ, आमचं रद्द झालं'. सहा महिन्यांनी पाहावं तं तीच पार्टी त्याच घरात राहून राहिली! म्हणून आमचे लोक चाबी धरून बसते, पार्टीचा नंबर लपवते.

अन् हिशोब पाहा. २ टक्के म्हटलं तं ९५ लाखावर माझे होते १ लाख ९०. ८२ वर होते १ लाख ६४. तुमचं नुकसान १३ लाखाचं, माझं २६ हजाराचं. आता सांगा, मी ९५ साठी चार महिने थांबीन का ८२ वर उद्याच हातावर हात मारीन? मी चोर नसलो तरी उद्याच मारीन! हे मालकाला समजतच नाही. त्याला वाटते दलाली टक्क्यानं आहे म्हंजे दलाल आपल्याकडून ओढीन.

त्यावर माझा तोडगा असा आहे. ठरलेल्या आकड्यापर्यंत १ टक्का, त्याच्या वरती जे येईल त्यातले १० टक्के. म्हंजे ८८ पर्यंत साधी दलाली अन् ९४ ला गेलं तं वरच्या ६ लाखातले ६० हजार अजून. पाहा मग माणूस कसा पळते तं.

दुसरं, एक साधी वही ठेवा. कोण आलं, कोणत्या तारखेला, कोणी आणलं, पाहणाऱ्याची सही. आमचंही भांडण मिटते, तुमचंही. दलाली रजिस्ट्रीच्या दिवशी द्या, टोकनच्या दिवशी नाही. टोकनवर अर्धी मागणाऱ्याला हात जोडा.

तर्री_पोहे
दुपारी १२:५८

पहिला दलाल पाहिला ज्याच्या पोस्टला लाइक द्यावंसं वाटलं.

नंदनवनची_सून
दुपारी २:१५

'वरच्यातले १० टक्के' ठीक आहे, पण त्याचा चुलतभाऊ फार घातक आहे, त्याबद्दल लिहिते. तो म्हणजे 'तुमच्या हातात किती पाहिजेत ते सांगा, वरचं माझं.'

सासऱ्यांनी सांगितलं होतं, हातात ६०. त्यानंतर आमच्याच घराचा भाव आम्हालाच कळेना. कुणी आलं की दलाल आम्हाला आतल्या खोलीत बसवायचा, बैठक त्याच्या ऑफिसात. विक्रीपत्रावर ६०, आणि घेणाऱ्याने नंतर सत्यनारायणाला बोलावलं तेव्हा बोलता बोलता निघालं की त्यांनी एकूण ७१ मोजले होते. ११ लाख! मामंजी तिथे प्रसाद न घेताच उठले. कायद्याने काय करणार? आम्हीच तोंडाने म्हटलं होतं, वरचं तुझं.

आणि ताई, मी तर सांगेन एकाच दलालाला देऊ नका. तिघांना द्या. स्पर्धा राहते.

आपण_बी_दलालच
दुपारी २:४०

वहिनी, तिघांना देसान तं तिघंही मेहनत करणार नाही. गेटवर तीन बोर्ड पाहिले की पार्टी म्हणते घर अडून आहे, पाडा भाव. एकालाच द्या पण ६० दिवसांसाठी, अन् कागदावर.

नंदनवनची_सून
दुपारी २:४४

तुम्ही असंच म्हणणार!

आपण_बी_दलालच
दुपारी २:४६

ते बी खरं आहे.

फुटाळ्याचा_वारा
दुपारी ४:००

भाव दलालाला विचारायचाच कशाला? नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे. मोफत सेवेत जिल्हा, गाव म्हणजे मौजा, खसरा किंवा मिळकत क्रमांक आणि वर्ष टाकलं की त्या मिळकतीच्या नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक २ दिसते. त्यात मोबदला रक्कम आणि बाजारमूल्य दोन्ही असतात. तुमच्या लेआउटचे गेल्या दोन वर्षांतले चार-पाच व्यवहार काढा. साइट कधीकधी रुसते, रात्री उशिरा बसा.

फक्त एक ध्यानात ठेवा. दस्तातला आकडा पूर्ण खरा असेलच असं नाही, काही लोक थोडे पैसे रोखीत फिरवतात. म्हणून त्याला तळ समजा.

रोखीवरून आठवलं. तुमचा दलाल पुढे म्हणेलच, 'कागदावर कमी दाखवू, टॅक्स वाचेल.' ऐकू नका. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला. शिवाय रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा फार खाली दाखवून उपयोग नाही, आयकर खातं रेकनरचा आकडा धरतं.

भावाचा हिस्सा वेगळा हाताळावा लागेल. व्यवहार ५० लाख किंवा वरचा असेल तर निवासी विक्रेत्याच्या हिश्शावर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. अनिवासी असेल तर तो १ टक्का चालत नाही, भांडवली नफ्याच्या दराने कापावा लागतो, म्हणजे बराच जास्त. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढता येतो. हे खरेदीदाराला इसाराच्या आधीच सांगा. ऐन रजिस्ट्रीच्या दिवशी कळलं तर तो बिथरतो, आणि बिथरलेल्या खरेदीदाराला 'समजावून' भाव पाडायची संधी दलाल सोडत नाही.

अंगणातला_कडुनिंब
शनिवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. चार दिवसांत झालं ते सांगते.

कुलूप मामेभावाने त्याच दिवशी बदललं. बोर्ड काढून शेजारी ठेवला आहे, फेकला नाही. दस्तलेखनिक काकांनी सांगितल्याप्रमाणे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं: टोकन घेतलेलं नाही, कोणताही करार झालेला नाही, जाहिरात आणि फोटो काढून टाकावेत, यापुढे घर दाखवू नये, आजवर कुणाकुणाला दाखवलं त्यांची नावं सात दिवसांत द्यावीत.

निळ्या टिका आल्या. दहा मिनिटांत फोन.

"ताई, हे काय कोर्टकचेरीवाणी लिहून राहिल्या तुम्ही? घरच्यासारखे संबंध आहेत आपले."
"म्हणूनच लिहून पाठवलं भाऊ. घरात विसरायला होतं."
"अन् त्या ८२ च्या पार्टीचं काय?"
"त्यांचं नाव सांगा, मी त्यांच्याशी बोलते."
यावर एकदम नेटवर्क गेलं.

ई-सर्चवर दोन रात्री घालवल्या. आमच्या लेआउटमध्ये तेवढ्याच प्लॉटचे दोन व्यवहार सापडले. एक ८९ चा, एक ९३ चा, आणि ८९ वालं घरही दक्षिणमुखीच निघालं!

काका, पत्रिकेबद्दल रागावले नाही. बाबांचं नाव काढायला गेलं की आई विषय बदलायची, मीही बदलू द्यायचे. आता अर्ज केला आहे. प्लॉट आरएलचा निघाला, पत्र बाबांच्या फायलीत नीट लावलेलं सापडलं, मागे पेन्सिलने तारीख.

आता अडचण अशी. ते पाण्याबद्दल विचारणारं जोडपं काल पुन्हा आलं. शेजाऱ्यांकडून माझा नंबर घेतला. ते ९१ द्यायला तयार आहेत, बँकेचं कर्ज, एक रुपया रोख नाही. मुळात त्यांना घर दाखवलं ते त्याच दलालाने. मग दलाली द्यायची का?

तर्री_पोहे
रात्री ९:३४

एक पैसाही नाही. ज्याने १० लाख मारायचा बेत केला त्याला वर बक्षीस?

नंदनवनची_सून
रात्री ९:५०

मीही नाहीच म्हणेन. पण मी अजून त्या सत्यनारायणातच अडकले आहे, माझं धरू नका.

आपण_बी_दलालच
रात्री १०:१५

कडू लागेल, पण पार्टी त्याचीच आहे. त्यानं आणली नसती तं ते जोडपं त्या गल्लीत आलं नसतं. तुम्ही बुडवलं तं उद्या तो गल्लीभर सांगेल का ताईनं बुडवलं, अन् ८२ ची गोष्ट कोणाला सांगणार नाही. २ टक्के देऊ नका. १ टक्का द्या, चेकनं, पावती घेऊन, पावतीवर लिहून घ्या का यापुढे काही मागणं नाही.

निवृत्त_दस्तलेखनिक
रात्री १०:४०

यांच्याशी सहमत, अर्धा. तोंडी ठरलेली दलालीही करारच असतो, पण त्याने प्रामाणिकपणा सोडला, म्हणून पूर्ण रकमेवर त्याचा दावा टिकेल असं मला वाटत नाही. चेक आधी देऊ नका. विक्रीपत्राची नोंदणी झाली, अंगठे झाले, पैसे खात्यात दिसले, की मग. आणि साक्षीदार म्हणून किंवा ओळख पटवायला त्याला उभं करू नका, मामेभावाला घेऊन जा.

अंगणातला_कडुनिंब
पुढच्या महिन्यात, रविवार, दुपारी १:२०

विचारपूस केलीत म्हणून लिहिते. इसारपत्र ९१ वर झालं, ९० दिवसांचं. 'ते सांगतील त्या व्यक्तीच्या नावे' ही ओळ त्यांच्या वकिलाच्या छापील मसुद्यातही होती! ती काढायला लावली, जोडप्याने काही खळखळ केली नाही. वारस नोंद व्हायची आहे, भावाच्या कमी कपातीच्या दाखल्याचा अर्ज गेला आहे.

दलालभाऊंना १ टक्का कळवला. आधी फोनवर बरंच बोलले, स्टेचं पुन्हा निघालं, मग दोन दिवसांनी '१.२५ करा' असा मेसेज आला. मी १ वरच आहे. भाऊ म्हणतो देऊन टाक, आई म्हणते एक रुपया देऊ नको, त्यांनी बाबांचा फोटो अजून काढलेला नाही. खरंच काढलेला नाही, आज सकाळी पाहिलं. पोर्टलकडे तक्रार कशी करायची, कुणाला माहीत आहे का?

फुटाळ्याचा_वारा
दुपारी १:३५

जाहिरातीखाली 'रिपोर्ट' असतं. कारण म्हणून 'मालकाची परवानगी नाही' निवडा आणि टॅक्स पावतीचा फोटो जोडा. नाही काढली तर लिंक इथे टाका, आपण वीस जण मिळून करू.

तर्री_पोहे
दुपारी १:३६

चाळीस.